खसरा नंबर किती?

रायपुरात 'खसरा' हा शब्द दोन जागी ऐकू येतो. एक पटवाऱ्याच्या टेबलाशी आणि दुसरा तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी. जमिनीचा खसरा म्हणजे शेताचा तुकडा, त्याचा नंबर, त्याचा मालक. नागपूरकडच्या वाचकांना हा अर्थ सांगायला नको. पोराचा खसरा म्हणजे आपला गोवर.

पहिल्या खसऱ्याची नोंद चोख आहे. छत्तीसगढ सरकारचं 'भुइयां' पोर्टल उघडा, जिल्हा, तहसील, गाव निवडा, नंबर टाका. बी-वन आणि पी-टू हे उतारे समोर हजर. जमीन कोणाची, किती, पीक कोणतं, सगळं. दोन डिसमिल जागा इकडची तिकडे झाली की भाऊ भावाला कोर्टात खेचतो. त्यात मला गैर काही दिसत नाही. जमिनीचा हिशेब असाच काटेकोर हवा.

दुसऱ्या खसऱ्याचा नंबर मी या महिन्यात विचारत फिरले. त्याची ही हकिकत.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई गुढियारीला राहतात. मी त्यांना दीदी म्हणते, त्या मला भाभी. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला : नातवाला माता आली आहे, घरात फोडणी बंद आहे, आठवडाभर येणं होणार नाही. शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "गोवर असेल. नीट बाहेर पडू दे म्हणावं. आत राहिला की वाईट."

मी गेले. दाराला कडुनिंबाची डहाळी खोचलेली. आत चार वर्षांचं पोर, डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला थांबत नाही. कानामागून निघालेलं पुरळ छातीपर्यंत उतरलेलं. लसीचं कार्ड कुठे आहे विचारलं. कार्ड गावी राहिलं होतं. पहिली सुई टोचली होती, दुसरीच्या वेळी आईबाप वीटभट्टीवर होते.

जवळच्या एका खासगी दवाखान्यात आम्ही त्याला नेलं. डॉक्टर भला माणूस. नीट तपासलं, 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लिहिले, एक आज आणि एक उद्या. छाती भरली तर लगेच आणा म्हणाले. दीदींकडून फी घेतली नाही. चिठ्ठीवर लिहिलं, 'ताप, पुरळ, व्हायरल'. मी विचारलं, "हे कळवावं लागतं ना?"

त्यांनी मान वर केली. "किसको?"

मनाने चांगला, हाताला गुण असलेला, बालरोगाची पदवी भिंतीवर लावलेला डॉक्टर मला विचारतो, कोणाला. तर कोणाला, ते आज लिहिते. फाडून दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवलं तरी चालेल.

जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याला कळवायचं. त्याच्या जोडीला जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वेक्षण वैद्यकीय अधिकारी असतो. हे जाळं १९९७ मध्ये पोलिओसाठी विणलं गेलं. हावड्याच्या दोन वर्षांच्या मुलीला जानेवारी २०११ मध्ये झालेला पोलिओ हा देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ ठरला, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तो याच जाळ्याच्या जिवावर. आता त्याच जाळ्यात गोवर आणि रुबेला धरायचे आहेत. कळवायचं काय? ताप आणि पुरळ. एवढंच. गोवरच आहे अशी डॉक्टरची खात्री असायची गरज नाही. गोवर, रुबेला, डेंग्यू, औषधाची रिअ‍ॅक्शन, पुरळाच्या चेहऱ्यावर नाव लिहिलेलं नसतं. खात्री प्रयोगशाळा करते. कळवल्यापासून ४८ तासांत माणूस घरी यायला हवा. पुरळ उठल्यापासून २८ दिवसांच्या आत रक्ताचा नमुना घ्यायचा, एलायझा चाचणी करायची. पहिल्या काही दिवसांत घशाचा नमुना मिळाला तर विषाणूचं कूळही कळतं. भारतात फिरणारा गोवर बहुतेक डी-८ कुळाचा, पूर्वी काही डी-४ही असायचा. रुबेला २-बी. कूळ कळलं की हा पाहुणा कोणत्या वाटेने आला ते शोधता येतं.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि इथे मी जरा थांबणार आहे. सर्वेक्षण नीट चाललंय हे ओळखायचं कशावरून? आपल्याला वाटतं, किती गोवर सापडले त्यावरून. तसं नाही. गोवर नसलेले, रुबेलाही नसलेले किती सापडले, त्यावरून. दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला असे किमान दोन संशयित तपासून बाद व्हायला हवेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. ताप-पुरळाची पोरं कुठल्याही गावात दरवर्षी असतातच. ती तुमच्या वहीत आली नाहीत, तर तुम्ही बघितलंच नाही.

छत्तीसगढचा हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या अडीच कोटींच्या वर होती. म्हणजे वर्षाला किमान ५१० पोरं अशी हवीत, की ज्यांचं रक्त तपासलं आणि अहवाल आला : गोवर नाही, रुबेला नाही. आज लोकसंख्या वाढली, तेव्हा आकडाही वाढवा. आणि राज्याची सरासरी काढून हात झटकायचे नाहीत, जिल्ह्यागणिक बघायचं. रायपूरने भरपूर नमुने पाठवले म्हणून नारायणपूरचं पोर तपासलं जात नाही.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री जगत प्रकाश नड्डा यांनी गोवर-रुबेला निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली. तेव्हाचा सरकारी आकडा असा : जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत देशातल्या ३३२ जिल्ह्यांत गोवरचा एकही रुग्ण नाही, ४८७ जिल्ह्यांत रुबेलाचा एकही नाही. वाचून मला आनंद झाला. खरंच झाला. २०२३ च्या तुलनेत २०२४ मध्ये गोवर ७३ टक्क्यांनी घटला, हेही त्याच वेळी सांगितलं गेलं. पण ३३२ शून्यांपुढे मला प्रत्येकी एक आकडा हवा आहे. त्या तीन महिन्यांत त्या जिल्ह्यात ताप-पुरळाची किती पोरं तपासली? पन्नास तपासून शून्य आलं असेल, तर तिथल्या नर्सच्या पाया पडावं. एकही न तपासता शून्य आलं असेल, तर त्या जिल्ह्याचा रकाना कोराच आहे, त्यावर कोणीतरी गोल काढलाय.

म्हणूनच या व्यवस्थेत शून्याचाही अहवाल द्यावा लागतो. दर आठवड्याला प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयाने लिहून द्यायचं : या आठवड्यात एकही नाही. न लिहिणं आणि शून्य लिहिणं यात फरक आहे. शून्य लिहिणाऱ्याने आठवड्याचं रजिस्टर चाळलेलं असतं, निदान चाळायला हवं. पटवारी पडीक जमिनीलाही पडीक म्हणून नोंदवतो. रकाना मोकळा सोडून पुढे जात नाही.

हे काम पोर्टलशिवाय होत नाही, असं मला कोणी सांगू नये. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवर पसरला. जेमतेम ७,८०० लोकवस्ती, त्यातले सहा हजार आजारी. डेन्मार्क सरकारने पीटर पानुम नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला पाठवलं. ना विषाणू ठाऊक, ना एलायझा. तो होडीने गावोगाव फिरला आणि दोनच प्रश्न विचारत राहिला : पुरळ कोणत्या तारखेला उठलं? त्याआधी कोण भेटलं होतं? तारखा जुळवून त्याने काढलं की लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत तेरा-चौदा दिवस जातात. आज पाठ्यपुस्तकात तोच आकडा आहे. वर आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर झाला होता, ती म्हातारी माणसं ६५ वर्षांनंतरही सुरक्षित राहिली. वही, तारीख, नाव, गाव. एवढ्यावर.

त्या तारखेला एवढं महत्त्व का? कारण गोवराला घाई असते. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून पोर तो वाटत असतं, तेव्हा घरच्यांना ती साधी सर्दी वाटते. पुरळ उठल्यावर आणखी चार दिवस. पोर खोलीतून निघून गेलं तरी दोन तासांपर्यंत विषाणू हवेत तरंगत राहतो. लस नसलेली दहा मुलं जवळ आली तर नऊंना लागण होते. एका रुग्णामागे बारा ते अठरा. आमच्या डॉक्टरांनी 'किसको' विचारलं, त्या क्षणी हा हिशेब चालू होता.

आणि गोवर पुरळ घेऊन येतो, पुरळ घेऊन जातो, असंही नाही. न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, कुपोषित पोराची दृष्टी जाते. शरीराला आधीच्या आजारांची जी ओळख झालेली असते, ती गोवर पुसून टाकतो. मायकेल मीना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ आणि २०१९ मधल्या अभ्यासांत हे दाखवलं. गोवरातून उठलेलं पोर सहा महिन्यांनी दुसऱ्याच कशाने तरी जातं, तेव्हा दाखल्यावर गोवर हा शब्द नसतो. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी गोवर झालेलं पोर वर्षभर जपायचे. का, ते कोणी सांगितलं नव्हतं."

दीदींच्या दाराकडे पुन्हा येते. डहाळी लागली त्या सकाळी अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, कळलं. पाहुण्यांनी यायचं नाही हे कळलं. फोडणीचा वास बंद झाला, तेही शेजारणीला कळलं. छत्तीसगढच्या गावागावांत शीतलेचं देऊळ आहे, बैगा म्हणजे गावचा वैदू-पुजारी आहे, माता आलेल्या घरी सेवेची जसगीतं म्हणणारी मंडळी आहेत. म्हणजे आजाराची खबर देणारी यंत्रणा इथे पिढ्यान्पिढ्या उभी आहे आणि ती दवाखान्यापेक्षा जलद चालते. तिची खिल्ली उडवणारे मला आवडत नाहीत. पाच-सात दिवस पोराला घरात ठेवा, बाहेरच्यांना येऊ देऊ नका, हा नियम त्या डहाळीत आहेच. पोलिओच्या लढाईत याच देशाने वैदू, झोलाछाप डॉक्टर, देवळातले पुजारी यांना खबरे म्हणून जोडून घेतलं होतं. पायात बळ नसलेलं पोर दिसलं की कळवा, एवढंच त्यांना शिकवलं. बैगाला फोन नंबर द्यायला कोणी अडवलंय?

या राज्याकडे तर मितानिन आहे, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका. छत्तीसगढीत मितान म्हणजे विधिपूर्वक बांधलेलं मैत्र, रक्ताच्या नात्याइतकं पक्कं. २००२ मध्ये इथे मितानिन कार्यक्रम सुरू झाला. देशात 'आशा' आली ती त्यानंतर, २००५ मध्ये. आज सत्तर हजारांच्या आसपास मितानिन आहेत, पाऱ्यागणिक एक. मी दीदींच्या गल्लीतल्या मितानिनला भेटले. पन्नाशीची बाई, पिशवीत रजिस्टर. तिला डहाळी आदल्या दिवशीच दिसली होती. "मी येणारच होते, पण आयुष्मान कार्डाच्या याद्या द्यायच्या होत्या," ती म्हणाली. तिच्या रजिस्टरमध्ये गर्भवती, बाळंतिणी, क्षयरोगी, मलेरियाच्या गोळ्या, सगळ्यांचे रकाने. सत्तर हजार बायकांच्या पिशवीत आपण किती रजिस्टरं कोंबणार आहोत, आणि त्या प्रत्येक नोंदीचे पैसे त्यांना वेळेवर देणार आहोत का, हा प्रश्न गोवराच्या सर्वेक्षणाचाच भाग आहे. तो बैठकीत कोणी काढत नाही म्हणून इथे काढते.

तिने माझ्यासमोर नर्स दीदीला फोन लावला. दोन मिनिटांचं काम.

रुबेलाबद्दल दोनच परिच्छेद, कारण रुबेला स्वतःच कमी बोलतो. हलका ताप, तीन दिवसांचं फिकट पुरळ, मानेमागे गाठी. पोर शाळेतही जातं. डॉक्टरकडे कोणी नेत नाही. पण त्या पोराची आई, मावशी किंवा शेजारीण दोन महिन्यांची गर्भवती असेल तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांवर, कानांवर, हृदयावर घाव बसतो. हे प्रथम ओळखलं ते सिडनीच्या नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी, १९४१ मध्ये. जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक त्यांच्याकडे येऊ लागली. त्यांनी आयांना विचारलं, आणि गरोदरपणात जर्मन गोवर आल्याचं बाया सांगू लागल्या. हेही विचारल्यामुळे कळलं.

म्हणून रुबेलाचं सर्वेक्षण पुरळाच्या पोरापाशी संपत नाही. मोतीबिंदू घेऊन जन्मलेलं, ऐकू न येणारं, हृदयाला छिद्र असलेलं तान्हं बाळ रुग्णालयात आलं, तर तिथून मागे जायचं. ४८७ जिल्ह्यांत रुबेला नाही, हे मी तेव्हा मानेन, जेव्हा तिथल्या डोळ्यांच्या वॉर्डातल्या तान्ह्या बाळांचंही रक्त तपासलेलं असेल.

आता निर्मूलनाच्या तारखांबद्दल. गोवर हटवायची पहिली मुदत होती २०२०. मग २०२३. आता २०२६. मधल्या काळात कोविड आला, लसीकरणाची सत्रं बुडाली. युनिसेफच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतातल्या २७ लाख बाळांना एकही लस मिळाली नव्हती. त्याची किंमत मुंबईने दिली. ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी गोवंडीच्या रफी नगरमध्ये ४८ तासांत तीन लहानगी दगावली, तेव्हा महापालिका घरोघर फिरू लागली आणि गोवर किती खोल शिरलाय ते दिसलं. मग भिवंडी, मालेगाव. केंद्राची पथकं रांची, अहमदाबाद, मलप्पुरमलाही धावली. तीन बाळांचा जीव जाईपर्यंत पहिली शंभर पुरळं कोणाच्या वहीत होती? गोवंडीत दवाखाने नव्हते असं नाही. गल्लोगल्ली होते. तिथेही कोणीतरी चिठ्ठीवर 'व्हायरल' लिहिलं असणार.

लस मात्र आपल्याकडे आहे, हे आवर्जून सांगते. १९८५ पासून गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, २०१७ पासून तिच्यात रुबेलाही आला, आणि जगातल्या मोठ्या संख्येच्या मुलांना टोचली जाणारी ही लस पुण्यात सीरममध्ये बनते. नववा महिना भरला की पहिली मात्रा, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. २०२४-२५ चे सरकारी आकडे : पहिली ९३.७ टक्के, दुसरी ९२.२. हवेत ९५, दोन्ही मात्रांचे. ऐकायला अंतर थोडं वाटतं. पण उरलेली सहा-आठ टक्के पोरं देशभर सारखी पसरलेली नसतात. ती रायपूरच्या बिरगाव-उरल्याच्या कारखान्यांमागच्या खोल्यांत असतात. भात कापून झाला की आईबापांसोबत उत्तर प्रदेशातल्या, पंजाबातल्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाआधी परततात. नागपुरात बांधकामाच्या साइटवर विटा वाहणाऱ्या छत्तीसगढी बायकांच्या झोळीत ती झोपलेली असतात. नागपूरकरहो, तुमच्या बिल्डिंगखालच्या त्या झोळीतल्या बाळाचं कार्ड कोणत्या राज्याच्या रकान्यात आहे? छत्तीसगढ म्हणतो, गावी नाही. महाराष्ट्र म्हणतो, आमचं नाही. विषाणू गोंदियाच्या पुढच्या स्टेशनावर राज्य बदलत नाही.

आणि कोणी म्हणेल, हे गरीब देशांचं दुखणं आहे. २०२५ मध्ये कॅनडाने गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला. त्याच वर्षी अमेरिकेत टेक्सासमध्ये साथ उसळली, मुलं दगावली. जगभरातल्या सातशेहून अधिक प्रयोगशाळांचं गोवर-रुबेला जाळं अमेरिकेच्या पैशावर चालत होतं. तो पैसा आटला तेव्हा हे जाळं बंद पडायच्या बेतात आहे, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेला द्यावा लागला. उलट आपल्या शेजारच्या श्रीलंकेने गोवर आणि रुबेला दोन्ही हटवले. नेपाळने २०२५ मध्ये रुबेला हटवला. नेपाळकडे आपल्यापेक्षा जास्त पैसा नव्हता.

गुढियारीत नर्स दीदी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पुरळाचा सहावा दिवस. फॉर्म काढला. नाव, वय, पारा, पुरळाची तारीख, लसीच्या मात्रा, मागच्या तीन आठवड्यांत कुठे गेला होता, घरात कोणी गर्भवती आहे का. शेवटच्या प्रश्नावर दीदींची सून आतल्या खोलीतून म्हणाली, "बाजूवाली आहे, तिसरा महिना." नर्सने ते वेगळं लिहून घेतलं आणि तिथूनच उठून बाजूच्या घरी गेली. परत येऊन पोराचं रक्त काढलं. पोर फार रडलं. बाटलीवर चिठ्ठी लागली, फॉर्मवर ओळख क्रमांक पडला.

दीदींनी विचारलं, "नंबर काय आहे?" नर्सने वाचून दाखवला. दीदींनी तो सुनेकडून कॅलेंडरच्या पानामागे लिहून घेतला, जिथे गॅसचा आणि विजेचा ग्राहक क्रमांक लिहिला होता.

ही गोष्ट नऊ दिवसांपूर्वीची. पोर आता खेळतंय, छाती साफ आहे. काल मितानिनचा फोन आला. गल्लीच्या टोकाला आणखी दोन मुलांना ताप आहे, डोळे लाल आहेत, पुरळ अजून उठलेलं नाही. दाराला डहाळी लागायच्या आधीच तिने दोघांची नावं लिहून ठेवली आहेत.